दोन आणि तीनच्या मध्ये

११ जानेवारी, बुधवार

बोलले! आठ महिन्यांनी हे बोलले — आणि कुणाशी? तर दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याशी!

मी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत आले तर न्हावी वस्तरा पुसत हसतोय. "वहिनी, साहेब आज झकास बोलले!" मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, काय बोलले? तर हा एकदम गप्प. ह्यांच्याकडे बघायला लागला. ह्यांनी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं होतं! उजवा हात मे महिन्यातल्या त्या अर्धांगाच्या झटक्यापासून निकामीच आहे, पण डावं बोट बरोबर ओठांवर गेलं. न्हावी म्हणतो, "आता साहेबच नको म्हणतात तर मी कसं सांगू? आपलं असंच... कामाचं."

कामाचं! म्हणजे माझ्याशी काही काम नाही. हगणं-मुतणं मी काढते, चमच्याने पाणी मी पाजते, आणि गुपितं न्हाव्यापाशी. कानामागून आला आणि तिखट झाला.

जेवले नाही मी. त्यांना भरवलं.

१२ जानेवारी, गुरुवार

वाचाबाईंना सांगितलं. (बोलायला शिकवतात म्हणून मीच ठेवलेलं नाव. सोमवारी आणि गुरुवारी येतात. पोरगेलीच आहे, पण ह्यांच्याशी बोलते तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी.) तिला केवढा आनंद! "काकू, म्हणजे आवाज शाबूत आहे! ह्या आजारात नवं वाक्य जुळवता येत नाही, पण जन्मभर घोकलेलं असतं ना, ते कधीकधी आत तसंच राहतं. गाणी, पाढे, शिव्या. काकांना काय पाठ होतं?"

मी खूप आठवलं. गाणं? न्हाणीघरातसुद्धा कधी गुणगुणले नाहीत. शिव्या? तोंडात नाहीत. म्हटलं, "काही नाही हो. घरात मुळातच कमी बोलायचे." घसा सगळा बाहेर फोडून यायचे, घरी यायचे ते चहा पिऊन पेपर वाचायला.

मग बाईंनी आकडे घेतले. "काका, माझ्यामागून. एक!" ह्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. आणि मिटलं — डब्याचं झाकण लावावं तसं.

बाई म्हणाल्या, होईल हळूहळू. मी म्हटलं, हो. आत जाऊन नळ सोडला आणि रडले.

१३ जानेवारी

सरळ विचारलं — "माझ्याशी का नाही?" भिंतीकडे तोंड केलं.

१६ जानेवारी, सोमवार

आज जरा शांत डोक्याने लिहिते. सकाळी साडेपाचला उठवते. आधी डाव्या कुशीवर, मग पाठ पुसायची, टाचांखाली उशी. उजवा हात बगलेपासून सोडवून घ्यायचा, कारण रात्रभरात मूठ इतकी घट्ट होते की नखं तळव्यात रुततात. एकेक बोट उघडायचं. घाई केली की कळ येते आणि डोळ्यात पाणी येतं, पण आवाज नाही. पाण्यात पावडर घालून ते दाट करायचं, नाहीतर ठसका लागतो. एक पेला पाण्याला पंचवीस मिनिटं. पंचवीस! मी एका फॅक्टरीत सव्वीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, तेवढ्या वेळात दीडशे फोन जोडायचे मी.

पहिले दोन महिने मी देवाशी रोज बोलत होते. एकच मागितलं. चालणं नको, हात नको, एक शब्द दे. मला हाक मारू देत फक्त. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन म्हणतात. माझ्या देवाने मागितलं तेवढंच दिलं, पण न्हाव्याला दिलं! वरच्या एक्स्चेंजमध्ये कोण बसवलंय कोण जाणे. आमच्याकडे असा चुकीचा फोन जोडला असता तर साहेबाने त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

हसू नकोस, असं मीच मला म्हटलं. पण हसले.

१८ जानेवारी, बुधवार

आज ठरवूनच खोलीत बसले. हातात विणकाम घेतलं, टाके पडत होते की गळत होते कुणास ठाऊक. न्हाव्याने गळ्याभोवती कापड बांधलं, साबण लावला, वस्तरा चालवला. अवाक्षर नाही. न्हावीसुद्धा गप्प, कधी नव्हे तो.

"वहिनी, जरा गरम पाणी मिळेल?"

उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचले असेन नसेन — मागून आवाज! ह्यांचा! शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. खणखणीत, चढत जाणारा. गेल्या मेपासून मी जो आवाज स्वप्नात ऐकते तो नव्हे. हा तर मला अनोळखीच! पातेलं तसंच ठेवून धावले.

गप्प. न्हावी वस्तऱ्याची धार बघतोय. हे छताकडे बघतायत.

कट आहे हा. माझ्याच घरात, माझ्याविरुद्ध.

१९ जानेवारी

लिहावं की नको ह्याचा विचार करत दिवस गेला. इथे नाही लिहिणार तर कुठे?

का बोलत नाहीत ते मला माहीत आहे. मे महिन्यातली ती सकाळ. आदल्या दिवशी आमचं वाजलं होतं. कशावरून, तर गळक्या खिडकीवरून. चार दिवस सांगत होते, सुतार बोलवा. सकाळी हे खुर्चीत वाकडे बसलेले, चहा अंगावर सांडलेला, काहीतरी पुटपुटत होते. मी म्हटलं, "नाटक पुरे! उठा आणि खिडकी बघा." आणि बाजारात गेले. आरामात, भाज्या निवडत, ओळखीच्या बाईशी गप्पा मारत. पाऊण तासाने आले तर खुर्चीतून खाली पडलेले.

डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणलं असतं तर.

कुणाला सांगितलं नाही हे. ह्यांना मात्र सगळं आठवतं, ते डोळ्यांवरून कळतं. तेव्हा पुटपुटत होते ते मला बोलवत होते, आणि मी "नाटक" म्हटलं. ही त्याची शिक्षा आहे. नवरा-बायकोतली शिक्षा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

बरोबर आहे तुमचं. पण आठ महिने?

२३ जानेवारी

वन्सं आल्या होत्या. भावाच्या कपाळावरून हात फिरवला, पाच मिनिटं बसल्या, आणि मला आत घेऊन गेल्या. "वहिनी, आरशात बघितलंय का स्वतःला?" म्हटलं, आरसा आहे कुठे, न्हाव्याच्या पेटीत असतो. त्या हसल्या नाहीत. पिशवीतून शुश्रूषा केंद्राचं पत्रक काढलं. गुळगुळीत कागद, खिडक्यांना पडदे, हसणाऱ्या नर्सेस. तिथल्या मॅनेजरबाई त्यांच्या ओळखीच्या आहेत. एक मार्चला एक जागा रिकामी होतेय.

"रिकामी कशी होतेय?" मी विचारलं.

वन्संनी पत्रक माझ्या हातात कोंबलं. मग म्हणाल्या, "माझाच भाऊ आहे, मला सुख वाटतंय का? पण तुम्ही पडलात तर दोघांना कोण बघणार?"

पत्रक परत दिलं. त्या जाताना चपलांच्या कपाटावर ठेवून गेल्या. मला दिसणार नाही असं वाटलं असेल.

२५ जानेवारी, बुधवार

न्हावी आला. मी बाहेर जिन्यावर बसले, कानात बोटं घालून. बोला काय बोलायचं ते. मला नाही ऐकायचं.

३० जानेवारी, सोमवार

आज माझ्या हातून फार वाईट झालं.

सूप भरवत होते. तिसरा चमचा तोंडात धरून बसले. गिळत नाहीत, थुंकत नाहीत. दहा मिनिटं. मी म्हटलं, गिळा. म्हटलं, गिळा ना हो. वाचाबाई यायच्या होत्या, चादर बदलायची होती, माझं डोकं ठणकत होतं. मी हनुवटी धरली आणि चमचा आत ढकलला. ढकललाच, दुसरा शब्द नाही. ठसका लागला, सगळं अंगावर आलं, खालचा ओठ आतून फुटला. रक्त आलं.

आणि मी ओरडले — "न्हाव्यासमोर बरं उघडतं तोंड!"

माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

ओठाला बर्फ लावला. बाईंना दारातूनच परत पाठवलं, सांगितलं झोपलेत. मग चपलांच्या कपाटावरून पत्रक उचललं आणि मागचा फॉर्म भरला. नातं — पत्नी. रुग्णाची सवय, आवडनिवड — काही सुचेना. "दाट पाणी" एवढंच लिहिलं.

कुणी कुणाला फसवलं, ह्याचा हिशेब आता मला लागत नाही.

१ फेब्रुवारी

वन्संच्या हाती फॉर्म दिला. एक मार्च, सकाळी अकराला केंद्राची गाडी येणार. ह्यांना सांगितलं. समजलं. डोळे मिटले.

२ फेब्रुवारी

वाचाबाई म्हणते, "काकू, अजून थोडा धीर..." मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. धीर धीर धीर! डॉक्टर म्हणतात धीर, शेजारीण म्हणते धीर, कॅलेंडरच्या मागच्या पानावर छापलेलं — धीर. धरतात कुठून तो? एक टोक दाखवा, मी धरते.

बिचारी कावरीबावरी झाली. तिला जाताना सफरचंद दिलं. चूक तिची नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार

न्हाव्याला सांगितलं, तीन आठवडे उरलेत तुमचे. तो ब्रश हातात धरून उभाच राहिला. दाढी करून झाल्यावर नेहमीसारखा निघाला नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसला. चहा दिला.

"वहिनी, काय बोलतात ते मी नाही सांगणार. शब्द दिलाय. पण साहेब कामावर कसे होते ते सांगू? ते काही गुपित नाही, अख्ख्या हॉलने बघितलंय."

हे जुन्या सामानाच्या लिलावघरात होते. कपाटं, पलंग, घड्याळं. कुणाचं घर मोडलं, कुणी गाव सोडलं, की सगळं तिथे यायचं आणि हे उभे राहून विकायचे. मी तो हॉल कधी आतून बघितलाच नाही. का, ते आता आठवतही नाही. वेळ नसेल मिळाला. न्हाव्याने मात्र त्याच्या दुकानातली खुर्ची तिथूनच घेतलेली.

"मी मागच्या रांगेत होतो," तो म्हणाला. "जीव त्या खुर्चीत अडकलेला, पण हात वर होईना. पुढे बडे लोक बसलेले, मी पडलो न्हावी. साहेबांचा दुसरा पुकारा झाला. आता तिसरा म्हणणार आणि गेली खुर्ची! पण साहेब थांबले. इकडे बघतात, तिकडे बघतात. पुढचे ओरडायला लागले, अहो उरका! साहेब जागचे हलले नाहीत. म्हणाले, हॉलमध्ये अजून एक हात आहे, तो लाजतोय, त्याला वेळ द्या. मग माझा हात आपोआप वर गेला. वहिनी, पुकारा कुणीही करेल हो. नवी पोरं घाई करतात. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये जो थांबतो ना, तो खरा. साहेब म्हणायचे, हात दिसत नाही म्हणून तो नाही असं समजायचं नाही."

चहाचा कप स्वतः विसळून ठेवून गेला.

मला राग आला. त्या हॉलमधल्या अनोळखी माणसांसाठी एवढं थांबत होते आणि घरी? खिडकीचं सांगितलं की "बघतो, बघतो" करत उठून जायचे.

१२ फेब्रुवारी

आज एक गंमत केली. गंमत कसली! चमचा ओठांपाशी नेला आणि थांबले. ढकलला नाही, "गिळा" म्हटलं नाही, घड्याळ बघितलं नाही. नुसती बसले. न्हाव्याने सांगितलेल्या त्या हॉलमध्ये बसावं तशी. हात भरून आला माझा. मग त्यांनी स्वतः मान पुढे केली आणि चमचा तोंडात घेतला.

अख्खी वाटी संपली. सव्वा तास लागला.

कुणाला सांगण्यासारखं नाही ह्यात काही. पण आज मी ओरडले नाही.

१५ फेब्रुवारी

दुधावर साय धरेपर्यंत थांबायला मी आईकडे शिकले होते. नवऱ्यासाठी थांबायला न्हाव्याकडून शिकावं लागलं. आज मूठ उघडताना घाई केली नाही. एकेक बोट. मधल्या बोटाला त्यांनी माझं बोट धरून ठेवलं. की आपोआपच आवळलं गेलं? बाई म्हणतात स्नायू आखडतात. असेल.

आवरायचं म्हणून त्यांचे सदरे काढलेत. चार बॅगेत टाकले, दोन परत काढले.

२२ फेब्रुवारी, बुधवार

ऐकलं. सगळं ऐकलं.

सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या फोनवर मी होते, लाइन लागली का बघायला. श्वास न ऐकू देता कसं ऐकायचं ते मला शिकवायला नको. आज शेवटचा बुधवार. न्हाव्याला म्हटलं, मी बाजारात जाते. दार उघडलं, मोठ्याने लावलं, आणि आतच उभी राहिले. चपला हातात.

आधी वस्तऱ्याचा आवाज. मग न्हावी म्हणतो, "हं साहेब, आज काय विकायचं? आरसा?"

आणि मग हे —

"पुढचा नग! बोला! एक वार! दोन वार! तीन वार — गेला!"

काय आवाज! भिंती दणाणल्या. न्हावी टाळी वाजवून म्हणतो, "घेतला साहेब, आरसा मीच घेतला!" आणि हे हसले. हसण्याचा आवाज आला मला. परत, "पुढचा नग! एक वार! दोन वार! तीन वार — गेला!" वाडगा विकला, ब्रश विकला, तुरटीचा खडा विकला.

मला राहवलं नाही. आत गेले.

मला बघितलं मात्र — डाव्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. असं करकचून की बोटं गालात रुतली. डोळे चोरी पकडलेल्या पोरासारखे. मान हलवत होते, नाही नाही नाही.

तेव्हा मला एकतीस वर्षांपूर्वीचा तो चमचा आठवला.

लग्नाला सहा महिने झाले होते. ह्यांची लिलावघरातली मंडळी जेवायला आलेली, सात-आठ जण. सकाळपासून मी राबत होते. नवी साडी नेसले होते, म्हटलं ह्यांच्या लोकांत जरा बरं दिसावं. मी ताट घेऊन बाहेर आले आणि हे रंगात आलेले. चमचा टेबलावर आपटून म्हणतात, "पुढचा नग! बोला! एक वार, दोन वार —" कुणीतरी हसत हात वर केला. "तीन वार — गेली!" सगळे खो खो हसले. हे सगळ्यात जास्त.

मी ताट खाली ठेवलं, खोलीत गेले आणि कडी लावली. माझ्या बापाने, चार मुलींतली मीच एक नको असल्यासारखं, मला किती घाईने उजवलं होतं, ते ह्यांना मी महिन्याभरापूर्वीच सांगितलं होतं. विश्वासाने सांगितलं होतं. आणि ह्यांनी मला चमचा आपटून विकलं. नऊ दिवस मी बोलले नाही. दहाव्या दिवशी म्हटलं, "मी काय तुमच्या हॉलमधलं कपाट आहे?" ह्यांच्या डोळ्यात पाणी. म्हणाले, "पुन्हा ह्या घरात, तुझ्यासमोर, ती बोली माझ्या तोंडून निघणार नाही. निघाली तर जीभ झडो माझी."

पाळलं. एकतीस वर्षं पाळलं. इतकं पाळलं की मीच विसरून गेले! मी हॉलमध्ये का गेले नाही, घरात हे मुके का असायचे, वाचाबाई विचारते पाठ काय होतं तर मला का आठवलं नाही — सगळं त्या एका चमच्यात. आणि आता देवाने, नशिबाने, मेंदूतल्या त्या रक्ताच्या गाठीने ह्यांच्याजवळ दुसरं काही ठेवलंच नाही. तेवढे चारच शब्द ठेवले, आणि नेमके ते माझ्यासमोर काढायचे नाहीत.

मला वाटत होतं मला शिक्षा देतायत.

न्हावी पेटी आवरून हळूच निघून गेला. मी ह्यांचा हात तोंडावरून काढायला गेले तर काढू देईनात. एवढी ताकद कुठून आली! मी म्हटलं, "अहो मूर्ख माणसा!" जन्मात पहिल्यांदा म्हटलं. "नऊ महिने! वचन कसलं पाळताय, मी मरत होते इथे!" रागच आला मला. अजून आहे.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

वाचाबाई डोक्याला हात लावून बसली. "काकू, माझ्या फॉर्मवर तुम्ही 'खाजगी नोकरी' लिहिलं होतंत! मला वाटलं कारकून असतील." काय सांगू तिला?

मग म्हणाली, शब्द आपसूक बाहेर पडतायत हे चांगलं आहे, ह्यावरूनच पुढे सुरुवात करू. पण एक सांगते. हे पाठांतर उतारावरच्या पाण्यासारखं असतं. एकदा सुटलं की शेवटपर्यंत जाणार. मधे थांबवणं त्यांच्या हातात नाही. तुमच्यासमोर बोलले आणि काही भलतंच निघालं तर मनाला लावून घेऊ नका.

म्हणजे बोलले तर "गेली" पर्यंत जाणारच. पुन्हा एकदा.

२४ फेब्रुवारी

म्हटलं, मी सोडलं तुम्हाला शपथेतून. मोकळे झालात. हात तोंडावरच.

२६ फेब्रुवारी, रविवार

वन्संचा फोन — बॅग भरली का? म्हटलं, भरली. भरली आहेच.

संध्याकाळी खिडकीपाशी उभी राहून हात जोडले. बऱ्याच दिवसांनी. मागितलं काही नाही. मागून काय मिळतं ते बघितलंय. नुसती उभी राहिले. हात दिसत नाही म्हणून तो नाही असं समजायचं नाही, हे वाक्य न्हाव्याचं, म्हणजे मूळ ह्यांचंच. ते म्हणून बघितलं. खोटं वाटलं नाही.

मग आतल्या फडताळात तो चमचा शोधला. लांब दांड्याचा, वाढायचा. होता. मीच ठेवलेला, मागे, वापरात नसलेल्या भांड्यांत.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नवी साडी नेसले. खुर्ची त्यांच्यासमोर ठेवून बसले. चमचा डाव्या हातात दिला. म्हटलं, "पुढचा नग मी आहे. उद्या अकराला गाडी येतेय. काय ते आज बोला."

मग चमचा पलंगाच्या कठड्यावर आपटला. "एक वार." आवाज बारीक, पण माझ्याकडे बघून. "दोन वार."

ओठ पुढच्या शब्दाचे झाले. मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला, चमचा तसाच वर. मी बसून राहिले. मग हात हळूहळू खाली आला आणि चमचा त्यांनी उशीखाली सरकवला.

दुपारी केंद्राला फोन करून सांगितलं, जागा दुसऱ्या कुणाला द्या. आता संध्याकाळचे सहा वाजलेत. तीन अजून म्हटलेलं नाही.